आवडत्या अवजाराची निंदा

मनुष्याच्या अभिमानाची स्थाने मोजू लागलो तर कुल, गाव, मातृभाषा आणि गुरू ही जुनी स्थाने प्रथम डोळ्यांपुढे येतात. गेल्या साठसत्तर वर्षांत त्यांत एका नव्या स्थानाची भर पडली आहे. ते म्हणजे संगणकाची भाषा. ज्या भाषेत आज्ञावली लिहून संगणकाकडून काम करून घ्यावयाचे, त्या भाषेविषयी प्रोग्रामर लोकांच्या मनात जी आसक्ती असते तिची कल्पना त्या धंद्याबाहेरच्या माणसास सहसा येत नाही. सी, पास्कल, जावा, पायथन अशी या भाषांची नावे. यांपैकी एखादीस कोणी उणे म्हटले की तिचे उपासक असे खवळून उठतात, की शैववैष्णवांचे जुने वाद त्यापुढे सौम्य वाटावेत. टीका भाषेवर असो की भाषेबरोबर येणाऱ्या साधनांवर असो, उत्तर पुष्कळदा टीकेस न मिळता टीकाकारास मिळते.

यात एक चमत्कारिक विसंगती आहे. प्रोग्रामरच्या शेजारी कंपायलर नावाचा एक दुभाषा सदैव बसलेला असतो. लिहिलेली आज्ञावली यंत्रास समजेल अशा रूपात उतरवून देणे हे त्याचे काम. दिवसातून वीस वेळा तो आपल्या धन्यास सांगतो, की तुझ्या अमुक ओळीत चूक आहे. आणि धनी चकार शब्द न काढता ती ओळ दुरुस्त करतो. इतका निर्दय टीकाकार अष्टौप्रहर सहन करणारा हा कारागीर, एखाद्या माणसाने 'तुमच्या भाषेत हे वैगुण्य आहे' असे एकदा म्हणताच का बरे संतापावा? याचे कारण उघड आहे. यंत्र चूक दाखविते ती कामातली. माणूस दोष दाखवितो तो निवडीतला. काम दुरुस्त करता येते. परंतु निवड चुकली असे म्हणणे म्हणजे निवडणाराच चुकला असे म्हणणे होय, निदान ऐकणाऱ्यास ते तसे ऐकू येते. हा राग क्षम्य आहे काय, आणि क्षम्य असला तरी योग्य आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता एका धंद्यापुरता दिसतो. परंतु ज्यास ज्यास काही आवडते त्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

प्रथम रागावणाऱ्याची बाजू पाहू. सुताराचा रंधा किंवा शिंप्याची कात्री हे जसे अवजार, तशी संगणकाची भाषा हे केवळ अवजार नव्हे. ती शिकण्यात पाचदहा वर्षे जातात. विचार करण्याची सवयच तिच्या वळणाने जाऊ लागते. शिवाय पोटाचा प्रश्न आहेच. नाशिक जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा कांद्याच्या आणि द्राक्षांच्या पैशावर नाशकास किंवा पुण्यास शिकतो आणि त्या शिक्षणाच्या बळावर नोकरीस लागतो, तेव्हा त्याने शिकलेली भाषा ही त्या घराची एका अर्थी जमीनच असते. ती भाषा आता जुनी झाली, सदोष ठरली, असे कोणी म्हटल्यास त्यास आपल्या बांधावरून कोणी दोरी टाकतो आहे असे वाटावे, यात गैर काय? त्याच्या रागाच्या तळाशी बहुधा भीती असते, आणि भ्यालेल्या माणसास उपदेशापेक्षा समजुतीची गरज अधिक असते. परंतु राग समजून घेणे निराळे आणि रागातून निघालेले तर्कशास्त्र मान्य करणे निराळे.

हे तर्कशास्त्र ठराविक असते. पहिले उत्तर असे, की दोष भाषेत नाही, वापरणाऱ्यात आहे. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण येथे हटकून पुढे होते. म्हण खरी आहे, परंतु तिच्यावरून अंगण कधीच वाकडे नसते असे मात्र सिद्ध होत नाही. आपल्याकडचे एक उदाहरण घेतो. महाराष्ट्रातील, किंबहुना सर्व देशातील, अनेक महाविद्यालयांत सी आणि सी++ या भाषा टर्बो सी++ नावाच्या साधनावर कित्येक वर्षे शिकविल्या गेल्या. बोरलँड कंपनीने १९९० साली काढलेले हे साधन आपल्या काळी उत्तम होते. अगदी साध्या संगणकावर ते चाले. निळ्या पडद्यावर लिहावे, एक कळ दाबावी आणि आज्ञावली चालू झालेली पाहावी. अडल्यास मदतीची पाने तेथेच उघडावी. हजारो विद्यार्थ्यांस यंत्राची पहिली ओळख त्याने करून दिली, आणि त्यांचा व त्यांच्या गुरुजनांचा त्याच्यावर जीव जडला तो काही उगाच नव्हे. परंतु १९९८ साली सी++ भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, संगणक बदलले, आणि हे साधन होते तेथेच राहिले. पुढे तर नव्या यंत्रावर ते चालविण्यासाठी डॉसबॉक्ससारखी दुसरी आज्ञावली लावून जुन्या यंत्राचे सोंग आणावे लागू लागले. तरी पुष्कळ वर्गांतून ते हलले नाही.

त्यातला एक दोष पाहावा. या साधनात साधी पूर्ण संख्या सोळा द्विअंकी स्थानांत बसवीत, त्यामुळे ३२,७६७ हून मोठी संख्या तीत मावत नसे. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या वडिलांच्या कांद्याच्या पट्टीचा हिशेब करणारी छोटी आज्ञावली लिहिली. वीस क्विंटल कांदा, भाव सतराशे रुपये. येणे चौतीस हजार. यंत्र उत्तर देई उणे ३१,५३६! म्हणजे कांदा देऊन वर व्यापाऱ्याचेच साडेएकतीस हजार देणे निघाले. साधनाचा अभिमानी यावर म्हणे, की मोठ्या संख्येसाठी निराळा प्रकार आहे, तो वापरावा. ज्यास हे ठाऊक नाही त्याने साधनास दोष देऊ नये. हे उत्तर खोटे नाही. परंतु ज्यास आधीच ठाऊक आहे त्याच्याच उपयोगी ते पडते, आणि साधन तर नवशिक्यासाठी म्हणून वर्गात ठेवलेले! त्यातून ज्या जुन्या लेखनरीती त्याने शिकविल्या त्यांतील कित्येक नव्या कंपायलरांनी नाकारल्या, आणि नोकरीच्या परीक्षेस बसलेल्या मुलास आपले पाठ केलेले अक्षर अशुद्ध असल्याचे तेथे कळले. टीका ऐकून घेण्याचे कष्ट वाचविले ते वडिलांनी. त्यांची किंमत भरली ती मुलांनी.

दुसरे उत्तर असे, की टीकाकार परका आहे, त्यास आमची भाषा काय कळणार? या आक्षेपात थोडे तथ्य आहे. ज्याने एखादी भाषा आठ दिवस चाळली त्याने तिजवर निकाल द्यावा हे उद्धटपणाचेच होय. म्हणूनच टीका कशी असावी याचा एक उत्तम नमुना ब्रायन कर्निघन याने १९८१ साली घालून दिला. पास्कल ही निकलाउस व्हिर्ट याची, १९७० च्या सुमारास निघालेली भाषा शिकविण्यासाठी फार लोकप्रिय होती. कर्निघनने एक संपूर्ण ग्रंथभर आज्ञावल्या एका सहकाऱ्याबरोबर त्या भाषेत लिहून काढल्या, आणि मग पास्कल आपली आवडती भाषा का नाही याचे टिपण लिहिले. मालिकेची लांबी तिच्या प्रकारातच बांधली गेल्यामुळे निरनिराळ्या लांबीच्या मालिकांसाठी एकच काम पुनःपुन्हा लिहावे लागते, अशा सारख्या तक्रारी त्यात त्याने एकेक करून मांडल्या. नवशिक्यास शिकविण्यासाठी पास्कल चांगली असेल, हेही त्याने मोकळेपणाने म्हटले. तो परका होता, नव्हे, प्रतिस्पर्धी सी भाषेच्या घरचा होता. परंतु त्याने आधी श्रम केले आणि मग बोलला. श्रमाने परकेपणा फिटतो. आणि व्हिर्ट हाही आपल्या भाषेच्या प्रेमात अडकून पडला नव्हता. मोड्युला-२ या आपल्या पुढच्या भाषेत त्याने अशाच प्रकारच्या उणिवांवर स्वतः उपाय केले.

टीका ऐकणाराने कसे वागावे याचाही नमुना आहे. १९६८ साली एड्सगर डाइक्स्ट्रा याने, आज्ञावलीत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हवी तशी उडी मारण्याची जी 'गोटू' नावाची सोय होती, तिजवर कडक हल्ला केला. ज्यांची हयात त्या उड्या मारण्यात गेली होती ते अर्थात चिडले. डोनाल्ड क्नूथ याने १९७४ साली जो प्रदीर्घ निबंध लिहिला त्यात मात्र चिडही नाही आणि शरणागतीही नाही. कोठे ही सोय काढून टाकल्याने आज्ञावली स्वच्छ होते आणि कोठे ती ठेवणेच सोयीचे, हे त्याने उदाहरणे घेऊन तपासले. टीका खरी की खोटी असा एकच प्रश्न न विचारता, ती किती खरी आणि कोठपर्यंत खरी, असे दोन प्रश्न त्याने विचारले.

आपल्या भाषेत 'टीका' या शब्दाचा अर्थ गेल्या शंभरदीडशे वर्षांत संकुचित झाला आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी नेवाशास गीतेवर जी भावार्थदीपिका सांगितली तीही टीकाच. मूळ ग्रंथ उलगडून दाखविणे, त्यातली गाठ सोडविणे, हा टीकेचा मूळ धर्म. निंदा आणि टीका यांतला भेद शब्दांच्या कडूगोडपणात नाही. निंदेने वस्तूविषयी आपल्यास नवे असे काहीच कळत नाही, टीकेने कळते. कडू टीका असू शकते आणि गोड निंदाही असू शकते.

परंतु टीका ऐकावी याचे सर्वांत सबळ कारण अद्याप सांगावयाचे राहिले आहे, आणि त्यासाठी संगणक क्षणभर बाजूस ठेवून गोदावरीच्या काठी जावे लागेल. निफाड तालुक्यात सायखेडा हे गाव गोदावरीच्या काठी आहे, पलीकडे चांदोरी. त्यांच्या खालच्या अंगास, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, नांदूर मधमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला बंधारा आहे. त्यातून निघालेल्या कालव्यांनी कोपरगाव, राहाता या बाजूची शेती भिजते. बंधाऱ्यामागे साचलेल्या उथळ पाण्यात पक्ष्यांचे जे अभयारण्य झाले त्यास २०२० साली रामसर स्थळाचा मान मिळाला, आणि महाराष्ट्रास तो प्रथमच मिळाला. म्हणजे बंधारा निरुपयोगी आहे असे कोण म्हणेल? तथापि त्याच बंधाऱ्यामागे गाळही साचत आला. गंगापूर आणि दारणा धरणांतून पावसाळ्यात पाणी सुटले म्हणजे ते पुढे सरण्याऐवजी मागे फुगते, अशी सायखेडा-चांदोरीकडील लोकांची तक्रार आहे. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मधील पुरांत या गावांत गोदावरीचे पाणी शिरले, हे तर सर्वांनी पाहिले आहे.

आता विचार करावा. कालव्याच्या पाण्यावर ज्याचा ऊस उभा आहे तो बंधाऱ्याची स्तुती करील, आणि ती खरी असेल. परंतु वरच्या बाजूस पाणी किती फुगले हे त्यास त्याच्या शेतात उभे राहून दिसणे शक्य नाही. तो दुष्ट आहे म्हणून नव्हे. तो खाली उभा आहे म्हणून. ते सायखेडकरासच दिसणार. गाळ काढा म्हणणारा सायखेडकर हा बंधाऱ्याचा शत्रू नव्हे. बंधाऱ्याविषयीची जी अर्धी माहिती खालच्यांपाशी नाही ती तो आणून देत असतो. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की गुण आणि दोष येथे एकाच मुळाचे आहेत: ज्या अडविण्याने कालवा वाहतो त्याच अडविण्याने गाळ बसतो.

संगणकाच्या भाषांची स्थिती अगदी अशीच आहे, आणि याच गावाच्या नावावरून ती दाखविता येते. 'सायखेडा' या नावात अक्षरे किती, असे पहिलीच्या मुलास विचारले तर ते सांगेल चार: सा, य, खे, डा. हाच प्रश्न पायथन भाषेस विचारला तर उत्तर येते सात, कारण काना आणि मात्रा ती निराळ्या मोजते. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीतील साध्या मजकुरात ते उत्तर बहुधा एकवीस येई, कारण तेथे साठवणीचे बाइट मोजले जात आणि प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. आता एखाद्या अर्जात गावाच्या नावासाठी वीस बाइटांची जागा कोणी ठेवली असेल, तर रोमन लिपीतील आठ अक्षरांचे सायखेडा तीत ऐसपैस बसेल, आणि देवनागरीतले सायखेडा एका बाइटाने बाहेर राहील. सहा चिन्हांवर नाव छाटले तर शेवटचा काना गळून गाव 'सायखेड' होईल. ज्याची लिपी रोमन आहे त्यास हे आयुष्यभर कळणार नाही. त्याच्या शेतात कालव्याचे पाणी वेळेवर येत असते. भाषा सुंदर आहे, साधने सुंदर आहेत, तक्रार करणारे हेकट आहेत, असे त्यास प्रामाणिकपणे वाटते. पाणी फुगते ते वरच्या गावात.

येथेही दुष्टपणा कोणाचा नाही. काना-मात्रांस स्वतंत्र स्थान देण्याची कल्पना परक्यांनी लादलेली नव्हे. १९८८ साली आपल्याच देशात इस्की नावाचे जे प्रमाण ठरले त्याच्या आधारे युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी झाली. त्या मांडणीमुळे देशातील बहुतेक लिपींस एकच कळफलक चालू शकला, हा केवढा गुण! आणि त्याच मांडणीमुळे चाराचे सात झाले, हा दोष. परंतु दोष सांगणारे होते म्हणून मार्ग निघाले. २०१४ साली निघालेली स्विफ्ट ही भाषा सायखेड्याची अक्षरे बरोबर चार मोजते. जोडाक्षरे मात्र युनिकोडच्या अक्षरमोजणीच्या नियमांस तेव्हाही नीट साधली नव्हती. 'ज्ञानेश्वर' या नावाची चार अक्षरे त्या नियमांनी सहा होत. २०२३ सालच्या आवृत्तीत तो नियम बदलला आणि ज्ञानेश्वरांस त्यांची चार अक्षरे परत मिळाली. नियमांत ही दुरुस्ती व्हावयास इतकी वर्षे लागली, यावरून वरच्या गावाची हाक खाली पोचावयास किती वेळ लागतो याचा अंदाज करावा.

याचा अर्थ, येईल ती टीका शिरसावंद्य मानून भाषा रोज मोडावी, असा मात्र नव्हे. दुरुस्तीलाही किंमत पडते आणि ती निरपराध माणसेच भरतात. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ साली निघाली. तिने सर्व लिपींचा मजकूर मूळ पायावरच नीट सांभाळला, परंतु जुन्या आज्ञावल्या तीत जशाच्या तशा चालेनात. जुन्या आवृत्तीस अखेरचा निरोप दिला गेला तो २०२० च्या पहिल्या जानेवारीस; मधली अकरा वर्षे लोक दोन घरांत संसार करीत होते. उलटपक्षी दुरुस्ती न करण्याचीही किंमत असते. १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन याने 'मेक' नावाचे साधन केले. त्यात काही ओळींच्या आरंभी टॅबची कळ दाबणे आवश्यक होते. साध्या मोकळ्या जागा सोडलेल्या चालत नसत, आणि पडद्यावर तर दोन्ही सारखेच दिसत. हा दोष त्याच्या लवकरच ध्यानात आला. परंतु तोवर सुमारे बारा जण ते साधन वापरू लागले होते आणि त्यांची गैरसोय करणे त्याच्या जिवावर आले. त्या बारा जणांस सांभाळण्यासाठी ठेवलेला दोष पुढे असंख्य लोकांच्या वाट्यास आला. उपस्थितांचा संकोच अनुपस्थितांस कसा भोवतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आणि टीकाकारानेही एक ध्यानात ठेवावे. पायथनचा जनक खिदो व्हान रॉसम याने २०१८ साली एका लहानशा नव्या चिन्हावरून झालेल्या कडवट वादानंतर अंतिम निर्णय देण्याचे आपले पद सोडले. चिन्ह भाषेत आले, परंतु जवळजवळ तीस वर्षे ती सांभाळणारा माणूस थकला. भाषेस मन नसते. ती सांभाळणाऱ्यास असते. दोष सांगताना माणूस राखावा, हा शिष्टाचार नसून साधा हिशेब आहे; कारण दोष काढावयाचा तो शेवटी त्याच माणसाने.

तर मग अभिमान टाकून द्यावा काय? नाही. ज्यास आपल्या अवजाराचे प्रेम नाही त्याच्या हातून चांगले काम होत नाही, आणि दोष शोधण्याचे कष्टही प्रेमावाचून कोणी घेत नाही. टोनी होअर याने १९६५ साली एका भाषेत, काहीच नसलेल्या जागेकडे बोट दाखविण्याची सोय करून ठेवली. करावयास सोपी म्हणून केली. २००९ साली एका भरसभेत त्याने ती आपली अब्जावधी डॉलरांची चूक म्हणून सांगितली. त्याने आपल्या शास्त्राचा द्रोह केला असे कोणीही म्हटले नाही. उलट त्याच्याविषयीचा आदर वाढला. आवडत्या वस्तूचा दोष दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे जड जाते, हे मनुष्यस्वभावास धरून आहे. परंतु त्यावर एक उपाय प्रत्येकाच्या हाती आहे: तो दोष आपण आधी शोधावा. भाषेच्या खऱ्या अभिमान्याने प्रतिपक्षाची वाट पाहत बसू नये. आपल्या भाषेत सायखेड्याची अक्षरे किती भरतात ते त्याने स्वतःच एकदा मोजून पाहावे, आणि उत्तर चार आले नाही तर ते चारचौघांत प्रथम आपणच सांगावे.